मामांची गाडी जिथे थांबत नसे

आमच्या ह्यांच्या मामांनी जितक्या माणसांना गोवा दाखवला तितका एखाद्या पर्यटन बसनेही दाखवला नसेल, आणि त्यांच्याबरोबर फिरून आलेल्या एकाही माणसाने गोव्यातले एकही स्थळ धड पाहिलेले नाही. ही दोन्ही विधाने मी जबाबदारीने करते आहे, कारण त्या बहुतेक सहलींची आखणी माझी होती.

मी याद्या करणारी बाई आहे. निघायची वेळ, पोचायची वेळ, कुठे किती मिनिटे, पाण्याच्या बाटल्या किती, हे लिहून झाल्याशिवाय माझा पाय चपलेत जात नाही. फोंड्याला आमच्याकडे पाहुणे आले की मी अशी यादी करायची आणि मामा पेडण्यातल्या पार्से गावाहून आपली पांढरी अँबॅसडर घेऊन भल्या सकाळी दारात हजर व्हायचे. डिचोलीच्या खाणींवर त्यांनी उभे आयुष्य खनिजाचे ट्रक चालवले होते. त्यामुळे अँबॅसडरही ते ट्रकसारखीच चालवत. वळण दिसले की हॉर्न, वळण नसले तरी हॉर्न, आणि अरुंद पुलावर समोरच्याला इतकी जागा सोडायची की त्याला उगाच आपण फार लठ्ठ झालो आहोत असे वाटावे. डिकीत पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या गरम उंड्यांच्या, म्हणजे गोल पावांच्या, पिशव्या असत. किती पिशव्या आहेत ते पाहिले की त्या दिवशी किती घरे होणार ते मला कळे, आणि मी यादीतली शेवटची तीन ठिकाणे मुकाट्याने खोडून टाकी.

कारण मामांचा एक नियम होता. ओळखीच्या दारावरून जायचे आणि आत न जाता पुढे जायचे, हे त्यांच्या लेखी चोरी करण्याइतके वाईट होते. आणि पेडणे-डिचोलीत त्यांच्या ओळखीचे नाही असे दार नव्हते. हरवळ्याचा धबधबा मी सहा वेळा ऐकला आहे. तिथून हाकेच्या अंतरावर मामांची चुलत काकी राहायची. तिच्या पडवीत बसून फणसाचे तळलेले गरे खाताना तो धो धो आवाज फार छान येतो. पहिल्या खेपेला मी घड्याळ दाखवून म्हटले, मामा, काळोख व्हायच्या आत धबधबा बघायला हवा. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

"सूनबाय, धबधबो खंय पळान जातलो? काकी म्हातारी झाली. ती आधी बघ."

पळण्याशिवाय धबधब्याला दुसरे काम काय असते, हे मला त्यांना विचारायचे होते. पण तोवर काकीने गऱ्यांची दुसरी थाळी आणली.

मयेचे तळे आम्ही मामांच्या जुन्या क्लीनरच्या मागच्या दारात हात धुताना पाहिले. हळर्णचा किल्ला पाहिला तो मावसभावाच्या गोठ्यातून, दोन म्हशींच्या मधल्या फटीतून. पाहुण्यांपैकी एका प्राध्यापकांनी तिथे वही काढून विचारले की हा किल्ला नेमका कुठल्या काळातला. मामांनी बराच विचार केला आणि सांगितले की त्यांच्या आत्याचे लग्न झाले तेव्हा तो होताच, फक्त रान जास्त होते. प्राध्यापकांनी ते लिहून घेतले.

बरे, जिथे ओळख नाही तिथे ती काढायची कला मामांना साधलेली होती. तीन प्रश्न पुरत. तुम्ही कुठचे, घर कोणाचे, आई कुठली. तिसऱ्या प्रश्नाला नाते निघालेच म्हणून समजा. नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळात दर्शनाला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना त्यांनी असे गाठले आणि पाच मिनिटांत ते मामांच्या मेहुणीच्या नणंदेचे दीर ठरले. मग देवळाच्या पायरीवर तासभर बैठक. ह्यांचे ऑफिसातले साहेब त्या खेपेला बरोबर होते. ते तेवढ्या वेळात देवळाला सात प्रदक्षिणा घालून आले. हरमलच्या किनाऱ्यावर तर मामांनी एका जर्मन माणसालाही आई कुठली म्हणून विचारले. त्याने जे गाव सांगितले ते कुणालाच कळले नाही, पण मामांनी मान डोलावली आणि त्याला एक उंडा दिला.

अशा या माणसाची गाडी सगळ्या तालुक्यात फक्त एका घरापाशी थांबत नसे. ते घर केरीला, तेरेखोल नदीच्या फेरीबोटीच्या धक्क्याजवळ होते, आणि ते त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे होते.

हकिकत मला सासूबाईंनी सांगितली. चवथीला सगळ्या भावांनी पार्सेच्या मूळ घरी जमायचे, गणपती तिथे एकच, हा त्यांच्या घरचा रिवाज. धाकटा भाऊ फेरीबोटीवर नोकरीला, म्हणून केरीत घर बांधून राहिला होता. एका वर्षी त्याच्या बायकोचा पाय मोडला. प्लास्टर, चालता येईना. ती एकटी चवथीला घरात पडून राहणार, म्हणून त्याने केरीतच लहानशी मूर्ती आणून बसवली. मोठ्या भावाला न विचारता. आमच्याकडे भाऊ शेत वाटून घेतात, विहीर वाटून घेतात, आणि तरी एकत्र म्हणवतात. पण गणपती वेगळा झाला की घर मोडले असे धरतात. मामा भांडले नाहीत. ते फक्त केरीला जायचे बंद झाले. त्याला अकरा वर्षे झाली होती. पाहुण्यांनी नदीपलीकडच्या तेरेखोलच्या किल्ल्याचे नाव काढले की हरमलला गाडी वळवत ते सांगत, फेरी बंद आहे. पाहुणे हळहळत, आणि मी खिडकीतून बाहेर बघत असे.

मग माझी पुण्याची मैत्रीण आली. तिला गडकिल्ल्यांचे वेड, आणि गोव्यात तिला एकच गोष्ट बघायची होती, तेरेखोल. आदल्या दिवशी आम्ही पार्सेला मुक्कामाला गेलो. सकाळी मामांनी नेहमीचे कारण सांगितले. मैत्रीण म्हणाली, फेरी बंद असेल तर धक्क्यावरून किल्ला बघू, मला तेवढाही चालेल. मामांनी गाडी काढली. मांद्रे गेले, हरमल गेले, आणि मामांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

त्या दिवशी फेरी खरोखरच बंद होती. पाणी उतरले होते, बोट चिखलाशी टेकून उभी होती. माझ्या यादीत सगळे होते, ओहोटीची वेळ तेवढी नव्हती. मामांनी धक्क्यावर, भर उन्हात, गाडी उभी केली, काचा वर केल्या आणि समोर बघत बसले. डाव्या हाताला दहा पावलांवर कौलारू घर होते. त्याच्या पडवीतून एक वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस उठला आणि गाडीपाशी आला. मामांसारखेच नाक. मी ओळखले. मामांनी काच बोटभर खाली केली.

"सुकती आसा, दादा," तो म्हणाला. "दोन तास फेरी सुटाची नाय."

"माका म्हायत आसा."

अकरा वर्षांनंतर दोन सख्ख्या भावांचे हे पहिले बोलणे. मी मैत्रिणीचा हात धरला. तिला काही कळत नव्हते, तरी तिनेही माझा धरला.

"गाडी उन्हात तापता. माडाखाली घे."

"माडाखाली नको. नारळ पडतलो."

"कालच पाडून घेतले."

मामांनी गाडी मागे घेतली. माड अंगणात होता, म्हणून गाडी अंगणात गेली. गाडी अंगणात गेली म्हणून भावजय तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ घेऊन बाहेर आली. पाय अजून किंचित ओढत होती. मामांनी तिच्या पायाकडे पाहिले. पुढे केलेले पाणी परत पाठवायचे नसते, म्हणून ते गाडीतून उतरले आणि उभ्यानेच प्यायले. पण पडवीची पायरी चढले नाहीत. आम्ही दोघी आत बसलो, चहा घेतला. मामा बोनेटला टेकून उभे, धाकटा भाऊ माडाला टेकून उभा, आणि दोघे मिळून नदीला पाणी कधी चढते ते बघत होते.

शेवटी बोटीचा भोंगा झाला. मी हाक मारली. मामांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

"तुमी जावन येवा," ते म्हणाले. "मी हय बसतंय."

किल्ला सुंदर आहे. तट, मधले छोटे चर्च, खाली समुद्र, सगळे पुस्तकात सांगतात तसेच. मैत्रीण समुद्राच्या बाजूला गेली. मी नदीकडच्या तटाशी उभी राहिले. पलीकडे माड दिसत होते, त्यांच्याखाली पांढरी गाडी, आणि गाडीजवळ कुणी नव्हते. पडवीत मात्र दोन पांढरे सदरे शेजारी शेजारी होते. मी तिथे वीस मिनिटे ठरवली होती. तासभर थांबले.

परतताना केरी सुटली. मग मामा समोर बघतच म्हणाले, "धाकटो म्हणत होतो, औंदा मूर्ती हाडणंय नाय, थंय पार्सेक येतंय. मी म्हटलंय, एकदा हाडलो देव बंद करूचो नाय. माटोळी बांधूक मी येतंय."

हाडणे म्हणजे आणणे, आणि गणपतीच्या डोक्यावर रानातली फळे आणि वेली टांगून बांधायची ती माटोळी. त्यानंतर चार वर्षे मामांनी चवथीला पार्सेची माटोळी पहाटे आणि केरीची दुपारी बांधली. पाचव्या वर्षी धाकटा भाऊ राहिला नव्हता. केरीची माटोळी तेव्हाही मामांनीच बांधली.

आता त्यांना गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. पाहुण्यांना मी नेते आणि ठरल्या वेळेला परत आणते. हरवळ्याच्या धबधब्याखाली उभे राहून फोटोही काढले. मात्र तेरेखोलला जाऊन आले की संध्याकाळी मामांचा फोन येतो. किल्ला कसा होता हे ते विचारत नाहीत. धाकट्याच्या बायकोकडे गेले होते ना, एवढी खात्री करून घेतात, आणि मग हळूच विचारतात, "बसलंस मगे घडीभर?"

बसले, मी सांगते. मग ते तिच्या पायाचे विचारतात, माडाचे विचारतात. मीही फोन ठेवायची घाई करत नाही.