पायरीवरचं प्रशिक्षण

लॅमिनेशनच्या गरम प्लास्टिकचा वास आला की मला आमच्या गावच्या वाचनालयाची ती पायरी आठवते. मी तिथे ग्रंथपाल होतो, आणि ग्रंथपालांचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. आत रेंज नव्हती, म्हणून पाच दिवस पायरीवर उन्हात बसून मी मोबाईलवर व्याख्यानं ऐकली, शेवटी परीक्षाही दिली. प्रमाणपत्र आलं, त्यावर नाव वाचनालयाच्या कार्यवाहांच्या सुनेचं! नोंदणीचा फॉर्म त्यांनीच भरला होता. विचारलं तर म्हणाले, "तुमी दोन वर्सांत रिटायर हुनार. कागद तिच्या कामाला यील. शिकलेलं तुमच्या डोक्यात हायच की." वर ते लॅमिनेट करून आणायला मलाच तालुक्याच्या गावी, राहात्याला पाठवलं. मी गेलो, करून आणलं. आता मी रिटायर झालोय आणि वाचनालयात ती सून ग्रंथपाल आहे. पुस्तकाला विषयानुसार कोणता नंबर द्यायचा हे विचारायला मला फोन करते, आणि मी, मूर्खासारखा, सांगतोही.