न पाहिलेला धबधबा
जवसाची चटणी कुटल्याचा वास आला की मला आमचं घाटाखालचं गाव आणि थोरला भाऊ आठवतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. छातीच्या दुखण्यापायी बरेच महिने दवाखान्यात काढून तो पावसाळ्यात घरी आला होता, आणि डोंगरातला धबधबा पाहून यायचाच, असं त्याच्या मनानं घेतलं. ओट्यावर बसून त्यानं मला, धाकट्या बहिणीला, सगळी वाट समजावली: पहाटे निघायचं, पळसाच्या रानातून चढायचं, दिवस मावळायच्या आत परतायचं. आईनं हौसेनं भाकरी-चटणी बांधून दिली. पण गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर तो खाली बसला. ओठ काळेनिळे पडले होते. "थांब वं, जरा दम घेतो," असं म्हणता म्हणता ऊन डोक्यावर आलं. मी म्हटलं, "दादा, घरी जाऊ ना." तो म्हणाला, "नाही. आईले वाटू दे, पोहोचलो म्हणून." आमच्या घराचं छप्पर दिसत होतं, तिथंच आम्ही भाकरी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत झुडपाआड बसून राहिलो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "पाह्यला काय रे धबधबा?" "हाव, लय पानी होतं," तो म्हणाला. आईचा चेहरा उजळला. "मंग आता तुह्यासाठी पोरगी पाहाले हरकत नाही," ती म्हणाली. त्यानं मान खाली घातली, ती जेवण होईपर्यंत वर केली नाही. दिवाळीआधीच तो गेला. आता माझी नातवंडं गाडीनं त्या धबधब्यावर जातात, मलाही चल म्हणतात. मी गुडघ्यांचं कारण सांगते.