कुणी न ढकलता

आमच्या ह्यांना सगळं गाव 'बुडबुड्या' म्हणतं. लग्नात ज्या नावाला मी होकार दिला, ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

तरुणपणी ह्यांनी एका विनोदी सिनेमात बावळट नोकराचं काम केलं. मालक चिडला की बुडबुड्याला पाण्यात ढकलायचा आणि लोक पोट धरून हसायचे. सिनेमा इतका चालला की त्याचे पुढचे भाग निघत गेले. कधी विहीर, कधी नदी, एकदा तर भर समुद्र. गंमत अशी की ह्यांना पोहता येत नाही. काम हातचं जाऊ नये म्हणून येतं असं ठोकून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पडद्यावर जे हातपाय मारत ते खरेच, जिवाच्या आकांतानं. शूटिंगच्या आदल्या दिवशी घशाखाली घास उतरत नसे. हे फक्त मला ठाऊक.

मध्यंतरी बातमी आली, तोच सिनेमा नव्यानं काढताहेत. आमचा मुलगा हरखून गेला. आता बाबांना बोलावणारच, म्हणून फोनवर फोन सुरू. हे हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेऊन सकाळी 'फिरायला' जाऊ लागले. पिशवीत ओली चड्डी सापडली तेव्हा मी मागोमाग गेले. पोहण्याच्या तलावात हे कमरेएवढ्या पाण्यात, काठाची दांडी घट्ट धरून उभे. शेजारी चिमुरडी पोरं खुशाल सूर मारत होती. मला आधी हसू आलं, मग रडूच कोसळलं. तशीच घरी परतले.

पुढच्याच आठवड्यात निर्मात्याचा फोन आला. बुडबुड्याच्या कामाला तरुण नट घेतला होता, ह्यांचे फक्त आशीर्वाद हवे होते. मुलगा संतापला. धाकट्या दिरांनी निर्मात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेजारीपाजारी सांत्वनाला आले. हे मधोमध तोंड पाडून उसासे टाकत बसलेले. चहा देताना मला दिसलं, खुर्चीखाली ह्यांच्या पायाची बोटं ताल धरत होती.

सगळे गेल्यावर मी दार लावलं. म्हटलं, "पुरे आता. कुणी बघत नाहीये."

ह्यांना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाले, "सुटलो गं एकदाचा."

माझाही जीव भांड्यात पडला. सुंठीवाचून खोकला गेला होता.

तरी सकाळी पिशवी पुन्हा हातात. आता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, चल बघायला.

तलावात उतरून बराच वेळ दांडी धरून उभे राहिले. मग सोडली. चार हात मारले असतील नसतील, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत खोकत उभे राहिले. माझ्याकडे वळून म्हणाले,

"बघितलंस? आज कुणी ढकललं नाही."