सवलतीचा नंबर

दुसऱ्याच्या हक्काची सवलत तुम्हाला सहज मिळत असेल, तर तुम्ही ती सोडता का?

आम्ही सोडणार नव्हतो. कारंज्यात आमच्या संघटनेने जुना कॉम्प्युटर घेतला होता. रेशनच्या बोगस लाभार्थ्यांविरुद्धचं पत्रक त्यावर टाइप करून दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत वाटायचं होतं. ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला जाम गावाहून एक मेकॅनिक आला. सीडी शर्टाच्या आतल्या बाजूने पुसायचा, बटण दाबण्याआधी बोटही पुसायचा.

मी त्याला त्या सिस्टिमच्या लायसन्सचा नंबर कागदावर दिला. एका विद्यार्थ्याच्या नावावर सवलतीत घेतलेला. त्याने तो वाचला, मग टेबलावरचा पत्रकाचा मसुदा आणि त्यातली बोगस नावांची यादीही वाचली.

“भाऊ, हा नंबर त कॉलेजच्या पोरायसाठी स्वस्त हाय. तुम्ही कोन्त्या वर्गात हाय?”

“काम समाजाचंच आहे,” मी म्हणालो.

“मंग ह्या यादीत तुमचंही नाव टाका न!”

मी चिडलो, पण नंबराचा कागद परत खिशात घातला आणि सिस्टिम टाकायचं थांबवलं. तोवर मला वाटे, बोगस माणूस नेहमी समोरच्या बाजूला असतो.

पत्रक हाताने लिहून त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि ते ग्रामसभेत ताठ मानेने वाचलं. आठवड्याने पूर्ण किमतीचं लायसन्स आणलं. तोच मेकॅनिक आला, प्रत्येक आकड्याखाली बोट धरून फोनवर नोंदणी केली आणि म्हणाला, “आता छापा बिनधास्त.”

त्याचं नाव विचारायचं राहिलं. तुमच्याकडे दुसऱ्याच्या हक्काची सवलत चालू असेल, तर ती आजच अर्ज देऊन सोडा. अर्जाची पोच मात्र घ्या.