परत मागवलेले शर्ट

सीताराम ओव्हाळ एकतीस वर्षं खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला माल बघायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हे त्यांचं काम. घरीही हीच भाषा. आमटी खारट झाली की रिजेक्ट, पोरीचं अक्षर वळणदार आलं की पास. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं नाही तोच, २०१२ च्या ऑगस्टात, दाढी करता करता ते मोरीत कोसळले. अर्धांगवायू. जीव वाचला, पण उजवा हात लोंबता राहिला आणि जीभ जड झाली. एकेक शब्द शोधायला त्यांना इतका वेळ लागे, की समोरचा माणूस अवघडून दुसरीकडे बघायला लागायचा.

पण त्यांना खरं लागलं ते निराळंच, आणि ते लक्षात आलं त्यांच्या मुलीच्या, आम्रपालीच्या. रोज सकाळी तिची आई सुंदराबाई त्यांना शर्ट घालायची. खालच्या बटणापासून वरच्या बटणापर्यंत तिचा हात येईतो सीतारामराव डोळे गच्च मिटून उभे राहायचे. उभ्या जन्मात त्यांनी कुणाकडून पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता.

आम्रपाली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. कल्याणीनगरच्या एका कॉल सेंटरमध्ये परदेशी बँकेच्या गिऱ्हाइकांशी ती फोनवर बोलायची. तिथे तिचं नाव ‘एमी’ होतं. आम्रपाली म्हणणं पलीकडच्या माणसाला जमणार नाही, असं कंपनीनेच ठरवून टाकलं होतं.

ओव्हाळांच्या घरी एक जानेवारीला सगळे मिळून भीमा कोरेगावला जात. त्यामुळे नव्या वर्षाचे संकल्प आम्रपाली दोन तारखेला लिहायची. २०१३ च्या पानावर तिने एकच ओळ लिहिली: ‘पप्पांनी स्वतःचा शर्ट स्वतः घालायचा.’

तिने त्यांचाच एक जुना पांढरा शर्ट उसवला. बटणं काढून ती काजांवरच वरून शिवून टाकली, नुसती दिसायला, आणि आतून लावली वेल्क्रोची पट्टी. बाह्यांना पाठीमागून चुण्या घालून त्या सैल केल्या, म्हणजे निर्जीव हात आधी सरकवता येईल. चार शर्ट वाया गेले. पाचवा सीतारामरावांनी एकट्याने घातला. वीस मिनिटं लागली. सुंदराबाई दाराबाहेर पदर तोंडाशी धरून उभी होती, पण तिने आत पाऊल टाकलं नाही.

“पास?” आम्रपालीने विचारलं.

त्यांनी शब्द शोधला. “आवाज.”

खरंच होतं. काढताना वेल्क्रो फर्र करून ओरडायची. विहारात एकदा उकडलं म्हणून त्यांनी वरची पट्टी सोडली, तर वंदना चालू असताना चार माना वळल्या. मग आम्रपाली रविवार पेठेत गेली आणि बायकांच्या पर्सला लावतात तसली चपटी चुंबकं घेऊन आली. कापडाच्या दोन पदरांमध्ये ती शिवली की शर्ट नुसता जवळ आणला तरी आपोआप मिटे. आवाज नाही, ओढाताण नाही. यावर मात्र सीतारामराव लगेच म्हणाले, “पास.”

पुढे शेजारच्या घरातल्या बाईंनी भावासाठी एक मागितला. आम्रपालीच्या धाकट्या भावाने, समाधानने, जो हिंजवडीला नोकरीला होता, फेसबुकवर पान काढून दिलं. २०१४ चा संकल्प होता, ओळखीपाळखीच्या नसलेल्या दहा माणसांना शर्ट विकायचे. सतरा गेले. त्या वर्षापासून दोन जानेवारीला पप्पांपुढे वही उघडून बसायची पद्धत पडली. ती एकेक ओळ वाचायची, काय झालं ते सांगायची, आणि ते निकाल द्यायचे. २०१५ ला स्वतःची वेबसाइट आणि वर्षाला शंभर शर्ट. दोन्ही पास. २०१६ च्या पानावर तिने धीर करून लिहिलं: ‘पाचशे शर्ट. नोकरी सोडायची.’

जूनमध्ये तिने नोकरी सोडली. पुढच्या खोलीत दोन मशीन आली, गल्लीतल्या दोघी शिवायला येऊ लागल्या. रोज दुपारी कुरिअरवाला पाकिटं घेऊन जायचा, त्यांवर सातारा, अकोला, बेळगाव असे पत्ते असायचे. वही सांगत होती की या चालीने डिसेंबर संपेपर्यंत पाचशेचा आकडा सहज गाठला जाईल.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून एका बाईंचा फोन आला. शर्मिला नाव. आवाजात तक्रार नव्हती.

“ताई, बाबांना मागच्या आठवड्यात पेसमेकर बसवला. डॉक्टर म्हणाले, चुंबकाच्या वस्तू छातीपासून लांब ठेवा. तुमचा शर्ट त्यांना फार आवडतो. पण तो मिटतो कशाने, हे मला माहीतच नाही. त्यात काय आहे हो?”

आम्रपालीच्या हातातली कात्री तशीच राहिली. “चुंबक आहे,” ती म्हणाली. “शर्ट घालू देऊ नका. आजपासूनच नाही.”

फोन ठेवल्यावर ती मशीनसमोर बसून राहिली. शर्ट कुणासाठी होते? म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी. हृदयाचं दुखणं त्यांना नसणार तर कुणाला? ही गोष्ट तीन वर्षांत तिच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. वेबसाइटवर कापडाचा पोत लिहिला होता, धुण्याची रीत लिहिली होती. चुंबकाचा उल्लेख होता तो ‘जादूसारखी मिटणारी बटणं’ असा.

संध्याकाळी समाधान घरी आला, तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं.

“ताई, पॅनिक होऊ नको. साइटवर वॉर्निंग टाक. सगळ्यांना एक मेल पाठव. एवढं बास.”

“आणि मेल न वाचणारे?”

“मग ती आपली रिस्पॉन्सिबिलिटी नाही ना.”

“सत्तरीची माणसं मेल वाचतात होय रे?”

“किती शर्ट आहेत चुंबकाचे?”

“तीनशे चौऱ्याहत्तर.”

“परत घेतलेस तर बिझनेस संपला म्हणून समज. लोक म्हणतील, हिचा माल डेंजरस आहे.”

सीतारामराव पलंगावर टेकून ऐकत होते. त्यांचा डावा हात वर आला, म्हणजे त्यांना बोलायचं होतं. दोघं थांबली.

“एक,” ते म्हणाले. मग पुढचा शब्द येईना. कपाळावरची शीर तटतटली. “एक खराब… तर लॉट. सगळा लॉट. परत.”

जेवण झाल्यावर समाधानने लॅपटॉप उघडला आणि सगळ्या गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर छापून आणून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्रपालीने पहिला नंबर फिरवला. सहा वर्षं ती फोनवर शिकवलेली वाक्यं बोलत आली होती. आता कागदावर लिहिलेलं काही नव्हतं. “मी आम्रपाली ओव्हाळ बोलतेय, खडकीहून. माझ्याकडून एक चूक झाली आहे,” एवढं म्हणून ती सुरुवात करायची. शर्ट घालू नका, परत पाठवा, खर्च माझा, वेल्क्रोचा नवा शिवून देते. सीतारामराव शेजारी खुर्चीवर बसून डाव्या हाताने यादीवर खूण करायचे. वाकडीतिकडी, पण दर नावापुढे एक.

कुणी रागावले, कुणी आभार मानले. बार्शीच्या एका गृहस्थांनी, उत्तरेश्वर नावाच्या, साफ नकार दिला. “माझ्या छातीत काही मशीन नाही. शर्ट माझा आहे, तो मी देत नाही,” म्हणाले. तिने त्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की तो दुसऱ्या कुणाला घालायला द्यायचा नाही.

परळीच्या गोदाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तो शर्ट आता कुठला परत देऊ, बाई? तो त्यांच्यासंगट गेला.”

आम्रपालीने विचारलं, “कशाने गेले?”

“काविळीनं. तुमचा काही दोष नाही त्यात.” मग त्या म्हणाल्या, “शेवटी आम्हीच घातला त्यांच्या अंगात. पण त्याआधी चार महिने त्यांचे ते घालायचे. मला हात लावू द्यायचे नाहीत.”

त्या दिवशी तिने पुढचा फोन केला नाही. सीतारामरावांनी गोदाबाईंच्या नावापुढे खूण करायला पेन उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

ऑक्टोबर संपेपर्यंत यादीवर निरोप न पोचलेलं एकच नाव उरलं. तात्याराव, बिबवेवाडी. दिलेल्या नंबरवर कुणी उचलत नव्हतं, दोन पत्रांना उत्तर नव्हतं. आम्रपालीने वेल्क्रोचा शर्ट पिशवीत घातला आणि ती स्वतःच निघाली. स्वारगेटला बस बदलली, बिबवेवाडीत चौकशी करत करत गेली आणि एका जुन्या सोसायटीचा तिसरा मजला चढली.

दार उघडायला बराच वेळ लागला. पंचाहत्तरीचे, उंच, सडपातळ गृहस्थ. दोन्ही हात सारखे थरथरत होते. आणि अंगात तिचाच शर्ट, बारीक निळ्या रेघांचा.

“मी ज्यांच्याकडून शर्ट मागवला ते शेजारी घर सोडून गेले,” तिने सांगितलेलं ऐकून ते म्हणाले. “नंबर त्यांचा. पत्रं आली असतील. मला चष्मा लावून लिफाफा फोडायला अर्धा दिवस लागतो, म्हणून मी पत्रं वाचत नाही.”

“काका, तुम्हाला पेसमेकर…”

“जुलैत बसवला.”

ती खुर्ची ओढून बसली. “काही त्रास?”

“मधूनच भोवळ येते. या वयात भोवळ यायचीच.”

“शर्ट काढा, काका. आत्ता काढा.”

तात्याराव हलले नाहीत. ते कोर्टात लघुलेखक होते. मिनिटाला दीडशे शब्द घेणारे हात, आणि आता आमटीची वाटीही तोंडापर्यंत न सांडता जात नव्हती. मुलगा बंगळूरला. सकाळी एक बाई यायची, तीच पूर्वी कपडे घालून द्यायची.

“चार वर्षांनी मी माझा माझा शर्ट घालतोय,” ते म्हणाले. “आणि तुम्ही तो न्यायला आलात.”

“हो,” आम्रपाली म्हणाली. “चूक माझी आहे.”

तात्यारावांनी शर्ट काढला, घडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही, तशीच ती गुंडाळी तिच्या हातात दिली. नवा शर्ट घेऊन ते खिडकीपाशी पाठमोरे उभे राहिले. वेल्क्रोची टोकं एकमेकांना भेटत नव्हती. हात थरथरून पट्टी भलतीकडेच चिकटायची. मग फर्र करून सोडवायची, पुन्हा लावायची. आम्रपालीचे हात मांडीवर आवळलेले होते. एकदा ती उठलीही, पण सुंदराबाई दाराबाहेर कशी उभी राहिली होती ते आठवून पुन्हा बसली. पाऊण तास गेला असेल.

तात्याराव वळले. पट्ट्या वरखाली झाल्या होत्या, पण शर्ट बंद होता.

“आवाज फार करतो हा,” ते म्हणाले.

त्यांच्या भोवळीचं कारण तो शर्ट होता की वय, हे तिला कधीच कळलं नाही. परत निघण्यापूर्वी ती त्यांना यंत्र बसवलं त्या इस्पितळात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून यंत्र ठीक असल्याचं सांगितलं, आणि शर्ट बदलला ते बरं केलं, इतकंच म्हणाले. पण बसमध्ये बसल्यापासून खडकी येईपर्यंत मांडीवरच्या त्या निळ्या रेघांच्या गुंडाळीवरून तिचा हात निघाला नाही.

२०१७ च्या दोन जानेवारीला वही उघडली. ‘पाचशे शर्ट,’ तिने वाचलं. “गेले तीनशे सहा. त्यातले बहुतेक परत आले.”

“रिजेक्ट,” सीतारामराव म्हणाले.

सुंदराबाईला वाईट वाटलं. आम्रपालीला नाही. बापाने लेकीची कीव करून पास म्हटलं असतं, तर त्या वहीला अर्थच उरला नसता. शिवायला येणाऱ्या दोघींपैकी एकीला तिने थांबवलं होतं. वेबसाइटवर महिनाभर कुणी फिरकलं नव्हतं, पण परत पाठवणाऱ्यांपैकी पन्नास-साठ जणांनी नवा शर्ट मागवला होता. नव्या पानावर तिने आकडा लिहिलाच नाही. लिहिलं ते असं: ‘कुठलाही नवा शर्ट पाच माणसांनी महिनाभर वापरल्याशिवाय विकायचा नाही. दुखणं कोणतं, औषध कोणतं, अंगात यंत्र काय, सगळं आधी विचारायचं.’

फेब्रुवारीत एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“तात्याराव बोलतोय. कॉलर मागून टोचते.”

“मी सैल करून देते, काका.”

“आणि पट्टीला रुंदी कमी आहे. माझ्यासारख्याचा हात चुकतो, हे शिवणाऱ्याने धरून चालायला हवं. पुढचा शर्ट कराल तेव्हा विकण्याआधी मला दाखवा.”

आम्रपालीने वही ओढली. पाच माणसांची यादी अजून कोरीच होती. तिने पहिल्या ओळीवर त्यांचं नाव लिहिलं आणि पट्टीची रुंदी किती हवी, ते विचारलं.