सील न तोडलेली कॅसेट

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबताला आणि लोणच्याला. नजर, उतारा, बाहेरचं... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण यात माझी चूक आहे.

१९९६ साल. सांगलीत एसटी स्टँडच्या मागे माझं खेळण्यांचं दुकान होतं. टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट तेव्हा भरपूर खपायच्या. एक दिवस आटपाडीचे एक गृहस्थ महिन्यापूर्वी नेलेली कॅसेट घेऊन आले. पारदर्शक डबी, आत कॅसेटच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट.

"नवी वस्तू म्हणून पूजा केली हुती," ते म्हणाले. "पोरगी दवाखान्यातनं आली की खेळणार हुती... आलीच न्हाई. घरात ठेववत न्हाई, ताई. कुणाला दिली तर सांगून द्या. तेवढं करा."

"सांगेन," मी म्हटलं.

नाही सांगितलं. कॅसेटवर कुणी खेळलेलं नव्हतं, म्हणजे ती नवीच — असं मी स्वतःला पटवलं. स्पिरिटने कुंकू पुसलं, डबी नव्या प्लास्टिकमध्ये सील केली आणि शेल्फवर लावली.

शेखभाभींनी ती मुलीसाठी नेली. त्या साताऱ्याला शिवणकाम करायच्या, माहेर सांगलीचं. पंधरा दिवसांनी परत आल्या.

"ताई, वाढदिवसाला द्यायची म्हणून कपाटात ठेवली हुती. सील मी तोडलेलं न्हाई. आत बघा."

सील माझंच, जसंच्या तसं. आत कॅसेटच्या कोपऱ्यावर लाल बोट. मी प्लास्टिक फाडून हात लावला — ओलं!

"आमच्या घरात कुंकू कुठलं?" भाभी म्हणाल्या.

"कंपनीतला रंग असेल," मी म्हणाले. तसली दुसरी कॅसेट नव्हती आणि मुलीला तीच हवी होती. त्यांच्यासमोर पुसून, त्यांच्यासमोर सील करून दिली.

आठवड्याने भाभी पुन्हा काउंटरसमोर. सील शाबूत. आत कुंकू, त्याच कोपऱ्यावर.

"आवं ताई, आता तरी खरं सांगा. ही नवी हुती?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती ऐकत होती. तरी मी सगळं सांगितलं — आटपाडी, ती मुलगी, स्पिरिट...

भाभींनी कॅसेट पुन्हा हातात घेतली.

"सांगितलं असतं तरी नेली असती की आमी," त्या म्हणाल्या. "नाव काय त्या पोरीचं?"

ते मी विचारलंच नव्हतं.

कॅसेट काउंटरवर ठेवून त्या गेल्या. पुन्हा कधी दुकानात आल्या नाहीत. त्या दिवशी कुंकू पुसलं ते शेवटचं, नंतर उमटलं नाही. कुणी म्हणालं, मुरलेला रंग दमट हवेत वर येतो. म्हणून दुसऱ्या एका कॅसेटला कुंकू लावून, पुसून, सील करून अख्खा पावसाळा ठेवून बघितली. काही झालं नाही. उघडलेली वस्तू मात्र त्यानंतर मी सांगितल्याशिवाय विकली नाही.

दुकान बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. कॅसेट अजून माझ्याकडे आहे. त्या मुलीचं नाव विचारायला मी दोनदा आटपाडीला गेले. स्टँडवर उतरले आणि तशीच परतले... कुणाची मुलगी म्हणून विचारायचं, तेही मला माहीत नव्हतं.