नाब्लाचं उघडं दार

आमच्या मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर जेवताना दार लावायची पद्धत नव्हती. बटाट्यांचं टोपलं मधे, दार सताड उघडं, वाटेनं जाणारा आत आला की सरकून त्याला जागा द्यायची. मग रोग पडून बटाटा जमिनीतच कुजला, खायला काही उरलं नाही, आणि एकेक दार लागायला लागलं. माझंही लागलं. खोटं कशाला बोलू?

फक्त शेजारची नाब्ला गॉहन ऐकेना. नवरा सरकारी दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडता फोडता गेला, पदरात एकटी लेक साबिना, आणि या बयेचं दार आपलं उघडंच! मूठभर मक्याच्या पिठाची पेज, त्यात येईल त्याला वाटा.

"अगं, पोरीच्या तोंडचं वाटतेस! अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडायची.

"दार लावून घशाखाली उतरेल का गं, विनी? आणि तू बरी येतेस, नेमकी पेज शिजली की!"

 मी वाटी पुढे करायची आणि दोन घोट प्यायची.

एके दिवशी सकाळी तिचं दार लागलेलं दिसलं. दुपारीही तसंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे बाईला कुठूनतरी मिळालंय आणि लपून खातेय! लागलेल्या दाराचा आमच्यात दुसरा अर्थच उरला नव्हता, आणि त्यावर थाप मारायची नाही हे सगळेच पाळायचे. मला मात्र बसवेना, उभं राहवेना. शेवटी तणतणत गेले आणि लाथेनं दार ढकललं. "काय गं सटवे, मला शिकवत होतीस ना?"

चूल विझलेली होती. आमच्याकडे चूल कधी विझू देत नाहीत. कोपऱ्यात गवतावर दोघी मायलेकी एकमेकींना बिलगून पडल्या होत्या. साबिनाची पापणी तेवढी हलली.

"लाव ते दार," नाब्ला पुटपुटली. "आम्हाला असं कुणी बघायला नको."

"मरायला टेकलीस तरी तोरा जात नाही तुझा!" मी रडत रडत म्हणाले आणि घरी पळाले. दार लावून लावून पुरवलेलं माझं सगळं पीठ आणलं, चुलीतला निखारा आणला, आणि सवयीनं तिचंही दार लावून घेतलं. पेज साबिनाच्या ओठांना लावली. तिनं गिळली, देवा! नाब्लापुढे वाटी धरली, तर तिनं तोंड फिरवून दाराकडे बोट केलं.

अगदी जिवावर आलं माझ्या. पण उठले, उघडलं. नाब्ला प्यायला लागली आणि माझा जीव सगळा वाटेवर. आता कोण येतंय, कुणाला द्यावं लागतंय! कुणी आलं नाही. साबिनानं वाटी चाटूनपुसून साफ केली, तरी कुणी आलं नाही. मग मी पलीकडच्या घरांकडे पाहिलं. एकाही घरातून धूर निघत नव्हता. पडल्या जागेवरून नाब्लाला ते दिसत नव्हतं.

तिनं अर्धी पेज आपल्या वाटीत तशीच ठेवली होती.

"जरा थांबू," ती म्हणाली. "येईलच कुणीतरी."